मातृभाषेचा रकाना

महाविद्यालयीन प्रवेशाचे दिवस म्हणजे प्राध्यापकवर्गाचे सक्तमजुरीचे दिवस. बाहेर मृगाचा पाऊस कोसळत असतो, ओल्या छत्र्यांचे ओहोळ कचेरीच्या फरशीवरून वाहत असतात, आणि ज्याने जन्मभर शेक्सपिअरच्या नाटकांवर व्याख्याने झोडली त्यास जात, धर्म, उत्पन्न, मातृभाषा हे रकाने तपाशीत बसावे लागते. अलीकडे अर्ज यंत्रावर भरले जातात हे खरे. परंतु ते भरताना होणाऱ्या चुका अद्याप माणसेच करतात, आणि त्या निस्तरण्यास माणूसच लागतो. 2017 सालच्या जूनमध्ये आम्ही पालघरास असेच बसलो असता बोईसरच्या पूर्वेकडील एका पाड्यावरची मुलगी आमच्या मेजासमोर उभी राहिली. तिच्या अर्जातील मातृभाषेचा रकाना कोरा होता.

"हा का भरला नाहीस?" आम्ही विचारले.

"सर, मातृभाषा म्हणजे घरी बोलतो तीच ना?"

"तीच."

"मग मराठी कसं लिहू? मराठी मी शाळेत शिकले. घरी आम्ही वारली बोलतो."

रांग दारापर्यंत गेली होती, आणि आम्हांस चहाची आठवण होत होती. आम्ही म्हणालो, "अगं, तिला लिपी तरी आहे का? मराठी लिही आणि मोकळी हो." दोघे कारकून हसले, रांगेतली मुले हसली, ती मुलगीही थोडी हसली, आणि तिने मराठी लिहिले.

विनोद साधला की वक्त्यास जे समाधान होते ते आम्हांसही झाले. ते त्या रात्रीपर्यंत टिकले. रात्री झोप येईना तेव्हा मनात आले की, ज्या भाषेच्या अध्यापनावर आमचा चरितार्थ चालतो त्या इंग्रजीस तरी स्वतःची लिपी कोठे आहे? ती रोमकांकडून उसनी आणलेली. मराठीची देवनागरीही तिच्या एकटीची नव्हे. आणि मोडी आम्ही हाताने टाकून दिली. तेव्हा लिपीच्या मुद्द्यावर त्या मुलीने उलट प्रश्न केला असता तर आम्हांस उत्तर नव्हते. तिने तो केला नाही, कारण ती मेजाच्या त्या बाजूस होती.

मनास लागलेली ही रुखरुख शमविण्याचा प्राध्यापकी उपाय म्हणजे ग्रंथ पाहणे. ग्रियर्सन साहेबांनी सिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या भाषापाहणीचा सातवा खंड मराठीस वाहिलेला आहे. तो 1905 साली निघाला. पूर्वी तो पाहावयाचा तर मुंबईस जावे लागे; आता घरबसल्या पडद्यावर वाचता येतो. वारलीचे स्थान पाहिले तर साहेबांनी ती मराठीच्या बोलींतच बसविली आहे. म्हणजे कागदोपत्री आमचाच जय झाला होता! ग्रंथ तेथेच मिटला असता तर हा लेख लिहिण्याचे कारण पडते ना. परंतु वारलीच्या शेजारीच ठाणे जिल्ह्यातील आणखी काही बोलींची नावे होती, आणि त्यांत 'वाडवळ' हे नाव होते.

आमचे घर वाडवळांचे. केळवे-माहीमच्या पट्ट्यातील पानवेलींच्या आणि केळीच्या वाड्यांत आमच्या पिढ्या गेल्या. आमची आई जी बोलली, आजी जी बोलली, ती भाषा एका परक्या अंमलदाराने इंग्रजी मथळा देऊन, टाचणी टोचलेल्या फुलपाखराप्रमाणे तेथे मांडून ठेवली होती; आणि आम्ही ती इंग्रजी टिपांच्या आधारे वाचू पाहत होतो. ग्रियर्सन साहेबांनी निरनिराळ्या बोलींचे नमुने गोळा करण्यासाठी एकच मजकूर सर्वत्र पाठविला होता, तो म्हणजे बायबलातील उधळ्या पुत्राचा दृष्टांत. बापाची मालमत्ता वाटून घेऊन दूरदेशी गेलेला आणि सारे उधळून परतलेला तो मुलगा! प्रत्येक बोलीत तोच मुलगा घर सोडतो आणि तोच घरी येतो. भाषांतर सोपे जावे म्हणून साहेबांनी हा मजकूर निवडला असेल. आम्हांस मात्र त्या रात्री ती निवड काहीशी खोचक वाटली.

कारण घर आम्हीही सोडले होते, आणि तेही घरातच राहून.

आम्ही प्राथमिक शाळा संपवून मोठ्या शाळेत आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात 'पाणी' म्हणावयाचे ते 'पानी' म्हणालो. गुरुजींनी ते आमच्याकडून दहा वेळा म्हणवून घेतले. गुरुजी दुष्ट नव्हते; शुद्धोच्चाराची त्यांस खरीच तळमळ होती. परंतु प्रत्येक खेपेस वर्ग हसला, आणि दहाव्या खेपेस आमच्या जिभेने 'ण' काढला तो जन्माचा. त्या दिवशी घरी जाऊन आम्ही पहिली गोष्ट केली ती ही की, आईने 'पानी' म्हणताच तिला दुरुस्त केले. ती कौतुकाने हसली. मुलगा शिकतो आहे याहून अधिक तिला काय हवे होते? पुढे आम्ही तिला रोज दुरुस्त करू लागलो, आणि तिचे हसणे कमी झाले.

त्यानंतर दोन वर्षांनी तेच गुरुजी आमच्या घरी येणार होते. आम्हांस शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसवावे असे त्यांच्या मनात होते, आणि वडिलांची संमती हवी होती. आदल्या दिवशी आम्ही आईस म्हणालो, "मास्तर आले की तू बोलू नकोस." तिने का म्हणून विचारले नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी ओटीवर बसले, आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि ती दाराआड उभी राहिली. गुरुजींनी जाताना "काय वहिनी, मुलाला पुढे शिकवणार ना?" असे विचारले, तेव्हा तिने नुसती मान हलविली. गुरुजी वडिलांस म्हणाले, "फार शालीन आहेत." आम्हांस केवढा अभिमान वाटला होता!

या प्रसंगानंतर आमच्या घरात दोन भाषा झाल्या. आई आणि धाकटी बहीण चुलीपाशी आपल्या बोलीत बोलत असत. आम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवले की भाषा बदले. आई आमच्याशी पुस्तकी मराठी बोलू लागली. ती तिला पुरतेपणी कधी साधली नाही. उसने लुगडे नेसावे तशी ती तिच्या अंगावर बसे, आणि त्या भाषेत तिला थोडेच बोलता येई: जेवलास का, कधी येणार, पैसे आहेत का. उकडहंडीत कोनफळ कितपत शिजावे, पानवेलीला कोणत्या वाऱ्याने ताप येतो, आमच्या आजोबांचे भावाशी काय बिनसले, हे सारे तिने बहिणीस सांगितले. आमच्या वाट्यास विचारपूस आली.

पुढे आम्ही इंग्रजीचे पदवीधर झालो आणि प्राध्यापक झालो. संस्कृती या विषयावर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. मॅथ्यू अर्नोल्डचा 1869 सालचा प्रसिद्ध ग्रंथ हा आमचा हातखंडा विषय. उत्तमाचा परिचय म्हणजे संस्कृती, हे त्याचे मत आम्ही सातपाटीच्या कोळ्यांच्या मुलांस, चिंचणीच्या भंडाऱ्यांच्या मुलींस, विक्रमगड-जव्हारकडून वसतिगृहात आलेल्या वारली व कोकणा मुलांस मोठ्या कळकळीने समजावून दिले. त्या मुलांच्या घरी काही उत्तम असेल अशी शंका अर्नोल्डास येण्याचे कारण नव्हते. तो लंडनात होता. आम्ही पालघरात होतो. आमच्या बैठकीच्या खोलीत वारली चित्रांची नक्षी असलेली उशांची अभ्रे होती, एवढाच काय तो आमचा या जिल्ह्याशी सांस्कृतिक संबंध.

त्या प्रवेशानंतर सुमारे वर्षाने आईस पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. वाचा काही दिवसांनी थोडी परतली. परतली ती तिची स्वतःची. पुस्तकी मराठी पार पुसली गेली होती. बहिणीशी ती अस्पष्ट पण पुष्कळ बोले. आम्ही जवळ बसून "आई, आता बरे वाटते का?" असे विचारीत असू. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि बहिणीस आपल्या बोलीत काहीतरी विचारले. बहीण गप्प राहिली. आम्ही फारच आग्रह केला तेव्हा तिने सांगितले, "आई विचारतेय, मास्तर कधी आले? त्यांना पाणी दिलंस का?"

यानंतर आम्ही खोलीत आलो की आई बोलणे थांबवीत असे. तिला आम्ही तसे सांगून ठेवले होते. आपल्या बोलीत दोन शब्द बोलावे म्हणून आम्ही धडपडलो. परंतु चाळीस वर्षे गंजलेली जीभ ऐन वेळी चालेना. जे शब्द निघाले ते नाटकातल्या गावंढळ पात्राच्या तोंडी शोभावेत असे निघाले, आणि आमचे आम्हांसच ते खोटे वाटले. तीन महिन्यांनी ती गेली. शेवटपर्यंत तिच्या लेखी आम्ही पाहुणेच होतो. पाहुण्याच्या आदरसत्कारात मात्र तिने उणे पडू दिले नाही.

ही हकीकत छापावी की नाही याचा आम्ही पुष्कळ विचार केला. घरातले दुःख चव्हाट्यावर मांडण्याची आमच्या पिढीस सवय नाही. परंतु आमच्याप्रमाणे शिकून मोठी झालेली जी घरे या मासिकाची वाचक आहेत, त्यांतील किती स्वयंपाकघरांच्या उंबऱ्यावर भाषा बदलत असेल, हा विचार मनातून जाईना.

पुढच्या फाल्गुनात ती मुलगी आमंत्रण घेऊन आली. तिच्या भावाचे लग्न होते. आम्ही जाण्याचे कबूल केले. बोईसरपासून मनोरच्या रस्त्याला लागून मग आत पाड्याकडे वळावे लागते. पश्चिमेस कारखान्यांची धुराडी दिसत राहतात आणि वाट मात्र पळसाच्या झाडांतून जाते. मुलीचे वडील त्याच कारखान्यांपैकी एकात कंत्राटी कामावर होते. कुडाच्या भिंतींचे घर, वर कौले. आणि आत काळोखात, शेणामातीवर गेरू दिलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्याने लग्नाचा चौक उतरला होता. चौकटीच्या नक्षीच्या पट्ट्या, आत पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, पाखरे. सुवासिनींच्या बोटांस अजून पीठ लागलेले होते, आणि धवलेरी गात होती. वारल्यांचे लग्न ही धवलेरी लावते. ती स्त्री असते हे येथे मुद्दाम सांगावयास हवे, कारण स्त्रीने पौरोहित्य करावे की नाही यावर आमच्या वर्गात अद्याप परिसंवाद भरतात.

आम्ही मुलीच्या आजीस म्हणालो, "चित्र फार सुरेख काढले आहे."

आजीने आमच्याकडे पाहून मान हलविली आणि काहीतरी म्हटले. मुलगी म्हणाली, "आजी म्हणते, काढत नाहीत, लिहितात. चौक लिहितात."

लिपीविषयी आम्ही काढलेले उद्गार तिला आठवत होते की नाही, हे कळण्यास मार्ग नव्हता. तिने आमच्याकडे पाहिले नाही.

आजी मग आमच्याशी बोलत बसली. ती आम्हांस अरे-तुरे करीत होती. त्या बोलीत थोरामोठ्यांसही एकेरीच संबोधतात. आई गेल्यापासून आम्हांस कोणी एकेरीत हाक मारली नव्हती. आजीच्या बापाने सावकाराकडून लग्नापुरते पैसे उचलले आणि त्यापायी तो व त्याची बायको वर्षानुवर्षे राबली. 'लग्नगडी' हा शब्द आम्ही गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या 1970 सालच्या ग्रंथात वाचला होता, आणि 1945 साली तलासरी-डहाणूकडच्या वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि या लग्नगडीच्या चालीविरुद्ध केलेला उठाव हे त्या भागाच्या इतिहासातील मोठे प्रकरण आहे, हेही आम्हांस ठाऊक होते. परंतु लग्न लावण्यासाठी आयुष्याची वर्षे गहाण टाकणारी माणसे भिंतीवर तोच चौक लिहीत आली, हे दोन पदार्थ आमच्या डोक्यात निरनिराळ्या कप्प्यांत होते. एक इतिहासाचा, दुसरा कलेचा. उशीच्या अभ्य्रावर कर्ज छापलेले नसते. आजीने दोन्ही एका दमात सांगितले, आणि मध्येच उठून पाहुण्यांस ताडी मिळाली की नाही ते पाहून आली.

परतताना बोईसरच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसलो. बोईसर हे मोठे विलक्षण गाव झाले आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले, ते देशातले पहिले. मागोमाग औद्योगिक वसाहत आली, आणि भारताच्या साऱ्या प्रांतांतील माणसे येथे येऊन राहिली. आमच्या वर्गात बिहारी कामगाराचा बोईसरातच जन्मलेला मुलगा असतो. मूळ गाव विचारले तर तो ज्या जिल्ह्याचे नाव सांगतो तेथे तो उभ्या जन्मात दोनदा गेलेला असतो. उलट, अणुभट्टी क्रमांक तीन व चार यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, त्या अणुभट्ट्या 2006 पर्यंत चालूही झाल्या. पण तिकडची मुले अजून स्वतःस पोफरणची म्हणवितात. एकाजवळ घर आहे आणि गावाचे नाव नाही, दुसऱ्याजवळ नाव आहे आणि गाव नाही. आम्ही स्वतः ठाणे जिल्ह्यात जन्मलो आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी, खुर्चीवरून न उठता, पालघर जिल्ह्याचे झालो. 'तुम्ही कोण?' हा प्रश्न येथे वाटतो तितका सरळ नाही.

तो पूर्वीही नव्हता. तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी आहे. तेथे 1955 साली काही ताम्रपट सापडले. त्यांतील शके 848, म्हणजे इसवी सन 926 चा एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा आहे. त्यात संजाण मंडळाचा कारभार पाहणारा अधिकारी ताजिक, म्हणजे अरब आहे, आणि त्याचे नाव 'मधुमती' असे दिले आहे. 'महंमद' या नावाचे हे संस्कृत रूप, असे विद्वान मानतात. या महंमदाने दोन प्रवाहांवर फुकट तरी चालविल्या, वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तूप मिळेल असे अन्नसत्र घातले, आणि देवीच्या मठिकेस दान देण्यास अनुमती दिली. शिलालेख-ताम्रपटांतून असा पुरावा हाती आला की आमच्यासारख्यांस फार हर्ष होतो. आमची संस्कृती किती उदार, असे म्हणून आपणच आपली पाठ थोपटून घेता येते. आम्हीही हा ताम्रपट पुष्कळ व्याख्यानांत वापरला आहे. आता वाटते ते एवढेच की, कोणा लेखनिकाने त्या अरबाचे नाव ताम्रपटाच्या रकान्यात बसेना म्हणून 'मधुमती' केले, तेव्हा तोही मनात थोडा हसला असेल.

आमच्या एका तरुण सहकाऱ्यास आम्ही हे सारे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मग काय सर, मुलांना प्रमाण मराठी आणि इंग्रजी शिकवूच नये की काय?" त्याचा राग रास्त होता. तो स्वतः मोखाड्याकडचा. प्रमाण मराठी आली नसती तर तो आज आमच्या शेजारच्या खुर्चीवर नसता. गरिबाच्या बोलीचे कोडकौतुक करून त्यास तेथेच ठेवणे हा पांढरपेशांचा जुना खेळ आहे, आणि आम्हांस तो खेळावयाचा नाही. आमच्या गुरुजींनी 'ण' शिकविला यात त्यांचे काही चुकले नाही. तो 'ण' घरी नेऊन आम्ही त्याचे काय केले, हा आमचा प्रश्न आहे.

आणि दुसरा मार्ग कोणास सुचलाच नव्हता असेही नाही. तो आमच्याच जिल्ह्यात सापडला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले, पुढे कोसबादच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, गुरे चारावयास जातात, असे दिसले तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिला 'कुरणशाळा' म्हटले. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, पाटीच्या जोडीस पाने, बिया, खडे हे शिक्षणाचे साहित्य आहे. तेथे मास्तरणीला आधी मुलांच्या रानातून चालत जावे लागे. आम्ही बी.ए.च्या वर्गात अर्नोल्ड शिकविला त्या साऱ्या वर्षांत कोसबाद आमच्यापासून गाडीने तास-दीड तासाच्या वाटेवर होते. आम्ही एकदा सहलीस गेलो होतो. चिकू फार गोड निघाले होते.

ती मुलगी यथाकाल पदवीधर झाली. आजीकडची धवलेरीची गाणी ती एका वहीत उतरवीत असते, देवनागरीत. काही उच्चार देवनागरीत नीट बसत नाहीत, त्यांवर ती स्वतःच्या खुणा करते. मध्यंतरी ती वही दाखवावयास आली होती. आम्ही तिला एकही सूचना केली नाही.

एक वही आम्हीही घातली आहे. महिन्यातून दोन रविवार आम्ही माहीमास बहिणीकडे जातो. तिच्या पडवीत बसून वाडीतल्या वस्तूंची नावे विचारतो: वेलीला आधार देतात त्या काठीला काय म्हणतात, आई पान खुडताना कोणता शब्द वापरी, रागावली म्हणजे काय म्हणे. बहीण सांगते, आम्ही लिहून घेतो आणि मोठ्याने म्हणून दाखवितो. आमचे उच्चार ऐकून तिची नात पोट धरून हसते. गेल्या खेपेस उन्हाचा तडाखा फार होता, गेल्या गेल्या आम्ही म्हणालो, "थोडे पाणी दे."

बहिणीने तांब्या हातातच धरला. "दादा," ती म्हणाली, "पानी."

आम्ही म्हणून दाखविले. तिला ते पसंत पडले नाही. तिने पुन्हा म्हणावयास लावले.